अठरा खड्ड्यांचे सेक्रेटरी

गोल्फच्या विरोधात ग्रामसभेत उभा राहिलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो त्या गावातल्या गोल्फ क्लबचा सेक्रेटरी होता. त्यांना सगळे सेक्रेटरीच म्हणायचे. त्यांची बायकोसुद्धा. रेशनकार्डावर दुसरं नाव होतं, पण त्या नावानं हाक मारली असती तर त्यांनी ओ दिली असती की नाही, मला शंका आहे.

मी मूळची लोणीची, आंबेगाव तालुक्याच्या कोरड्या टोकाची. आमच्याकडं पाणी कमी, त्यामुळं कौतुकही जपून करतात. ग्रामसेविका म्हणून माझी बदली डिंगोऱ्याच्या अलीकडच्या एका गावात झाली तेव्हा नव्वदीचं दशक संपत आलं होतं. गाव बरं होतं. कांदा, टोमॅटो, थोडा ऊस आणि गावाच्या वरच्या अंगाला मोठा माळ. हा माळ गायरानाचा, म्हणजे सगळ्यांचा. तिथं गोल्फ क्लब निघतोय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता.

सेक्रेटरींची आणि माझी ओळख झाली ती माझ्याच चुकीनं. त्या वर्षी मला झाडं लावायचं टार्गेट आलेलं आणि खड्डे काढायला कुणी मिळेना. तेवढ्यात आमच्या शिपायानं बातमी आणली, "बाई, माळाव अठरा खड्डे तयार हायेत. दोन बाय दोन बाय दोन. एकदम सरकारी मापाचे."

"कुणी काढले?"

"काय म्हाईत. पर लई झ्याक काढलेत."

मी फार चौकशी केली नाही. तयार खड्डा दिसल्यावर कुठलाही ग्रामसेवक चौकशी करत नाही. पंधरा ऑगस्टला शाळेची पोरं, रोपं आणि पाण्याच्या घागरी घेऊन आम्ही माळावर गेलो. प्रमुख पाहुणे म्हणून गावातला एक निवृत्त, पुण्यात राहिलेला, इस्त्रीचे कपडे घालणारा माणूस बोलावला होता. तेच हे सेक्रेटरी. गळ्यात हार घालून ते पहिल्या खड्ड्यापाशी आले, आत पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं, बिचाऱ्याला गहिवरून आलंय. त्यांनी कडुनिंबाचं रोप लावलं, पाणी घातलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग एकेक करत बाकीचे सतरा खड्डेही आम्ही भरले. ते शेवटपर्यंत हार घालून सोबत होते. प्रमुख पाहुण्यानं कार्यक्रमात तक्रार करायची नसते, एवढी रीत ते पाळत होते.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ते कार्यालयात हजर. हातात अर्ज. विषय : होलमध्ये झाड लावून खेळास अडथळा आणल्याबाबत.

झालं होतं असं, की त्यांनी दोन मजूर लावून त्यांना माळावर गोल्फचे होल, म्हणजे बॉल घालायचे अठरा खड्डे काढायला सांगितलं होतं आणि स्वतः चतुर्थीला ओझरला दर्शनाला गेले होते. माप सांगायचं राहिलं. आता आमच्या भागात खड्डा म्हटलं की मजुराला एकच माप ठाऊक, ते झाडाचं. सेक्रेटरी परत आले तेव्हा माळावर असे अठरा खड्डे होते की त्यात बॉल काय, बॉल मारणाराही मावला असता. ते बुजवून वाटीएवढे करायचा त्यांचा विचार चालू होता, तेवढ्यात मी स्वातंत्र्यदिन साजरा केला.

मी म्हटलं, "झाड आता काढता येणार नाही. रजिस्टरला चढलंय."

त्यांनी अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. म्हणाले, "मंग होल पन काढता येनार न्हाई. त्ये पन चढलंय."

"कुठं?"

"इतिहासात."

तर या क्लबाचा इतिहास होता. लाल कापडी बांधणीचं एक लांबडं रजिस्टर होतं आणि त्यात त्यांच्या गिचमिड अक्षरात दोन पानं लिहून झाली होती. पुण्याच्या ज्या क्लबात त्यांनी एकतीस वर्षं काढली, तिथं म्हणे मोठ्या हॉलात क्लबाचा इतिहास काचेत लावलेला होता. त्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला होता की क्लबाला सगळ्यांत आधी इतिहास लागतो. "बिनइतिहासाचा क्लब म्हंजी पत्त्याचा अड्डा, बाई." माझ्या चुकीची भरपाई म्हणून त्यांनी एकच गोष्ट मागितली : दर रविवारी त्यांनी सांगायचं आणि मी चांगल्या अक्षरात लिहायचं.

मी हो म्हटलं. दया वगैरे आली म्हणून नाही. परक्या गावात एकट्या बाईचा रविवार फार लांब असतो, आणि त्यांच्या घरी पिठलं चांगलं व्हायचं.

पहिलं प्रकरण होतं 'क्लब नसतानाचा काळ'. दुसरं 'झाडांचे आगमन', ज्यात माझा उल्लेख 'तत्कालीन ग्रामसेविका' असा आहे. मी म्हटलं, "अहो, मी अजून आहे इथं." ते म्हणाले, "इतिहासात समदे तत्कालीनच अस्तात."

झाडांचा प्रश्न त्यांनी नियम करून सोडवला. होल बुजलेत, तर बॉल झाडाच्या खोडाला लागला की होल झाला. आता पहिल्या दोन वर्षांत ती रोपं करंगळीएवढी. जगात इतका अवघड गोल्फ कुठं खेळला गेला नसेल. एकेका झाडाला बॉल लागायला सकाळ जायची. पुढं खोडं जाड होत गेली तसा क्लबाचा खेळ सुधारत गेला. याचं सगळं श्रेय सेक्रेटरी सरावाला द्यायचे. मी एकदा खोडांकडं बोट दाखवलं तर रागावले. "मेंबर घाम गाळत्यात आन तुमी झाडाला मार्क देता व्हय?" इतिहासात 'खेळाडूंची उल्लेखनीय प्रगती' असं प्रकरण आहे, ते मीच लिहिलंय. काही झाडं अर्थात जगली नाहीत. त्यांच्या नोंदीही आहेत. 'होल क्रमांक सात शेळीने खाल्ला.' 'होल क्रमांक बारा वाळला. दुखवटा म्हणून एक दिवस खेळ बंद.'

स्टिका जुन्नरच्या एका चाचांनी बनवल्या होत्या. चाचा लाकडाचं खरादकाम करायचे, पाट-लाटणी, पाळण्याचे खूर. गोल्फची स्टिक त्यांनी कधी पाहिली नव्हती. सेक्रेटरींनी हातवारे करून आकार सांगितला आणि चाचांनी बाभळीच्या दांड्याला नांगराच्या जुन्या फाळाचा तुकडा ठोकून दिला. त्या स्टिकचा फटका बॉलला बसला तर बसला, जमिनीला मात्र हमखास बसायचा. एका शेतकऱ्यानं तर सांगून ठेवलं होतं, बॉल माझ्या वावरात आला तर खुशाल तिथनंच मारा, तेवढीच मशागत होईल. चाचांना स्वतःची कारागिरी इतकी आवडली की ते मेंबर झाले. दर शुक्रवारी नमाज झाली की जीपला लटकून यायचे आणि दिवे लागायच्या आत परत जायचे.

क्लबात कॉलर सक्तीची होती. पुण्यात तसा नियम होता म्हणून. पण आमचे मेंबर बंडीवर येणारे. मग सेक्रेटरींनी एका जुन्या शर्टाची कॉलर कापून काढली आणि माळावरच्या खोपीत खिळ्याला अडकवून ठेवली. ज्याची पाळी, त्यानं ती कॉलर गळ्यात घालायची, बटण लावायचं, फटका मारायचा आणि कॉलर पुढच्याकडं द्यायची. बंडी, धोतर आणि गळ्यात पांढरीशुभ्र कॉलर घातलेला म्हातारा स्टिक उगारून उभा आहे, हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलंय की नंतर मला सबंध शर्ट घातलेला माणूसच चमत्कारिक वाटायला लागला.

फटका मारताना शांतता पाहिजे. हा त्यांचा दुसरा हट्ट. "सायलेन्स!" असं ते इतक्या मोठ्यानं ओरडायचे की खालच्या वस्तीवरची कुत्री भुंकायला लागायची. मग कुत्री गप्प होईपर्यंत थांबायचं. त्यात ओतूरची एसटी हॉर्न द्यायची. मग पुन्हा "सायलेन्स!", पुन्हा कुत्री. बॉल उसात गेला तर आणायला जायचं नाही, कारण पुढं पुढं उसात बिबट्या यायला लागला. त्याचाही नियम झाला : 'उसातला बॉल बिबट्याचा.' आणि पुढं कंसात, 'वाद घालू नये.'

नियम क्रमांक एक मात्र मला कधी नीट कळला नव्हता. 'जो येथील गवत कापील तो मेंबर.' मला वाटायचं, फुकटात माळ साफ करून घ्यायची ही युक्ती आहे. पण ते या नियमाबाबत फार कडक होते. विळा घेऊन एक ओळ गवत कापल्याशिवाय गावच्या सरपंचांनाही त्यांनी स्टिक दिली नव्हती. उलट सोनाबाई नावाची एक म्हातारी तिथं शेळ्या चारायची आणि शेळ्यांसाठी भारा कापून न्यायची, तिला ते स्वतः बोलवायला गेले. "सोनाबाई, तुमी मेंबर झालाय. बॉल मारा." सोनाबाईनं आधी शिव्या दिल्या. मग चार दिवसांनी कॉलर लुगड्यावर चढवून असा फटका मारला की बॉल थेट उसात, बिबट्याला. तेव्हापासून ती रोज एक बॉल मारूनच शेळ्या वळवायची.

पुण्याच्या दिवसांबद्दल मी दोनतीनदा विचारलं. "तुम्ही तिथं खेळायचात तेव्हाचं लिहू या का?" ते रजिस्टरचं पान उलटायचे. "त्यो भाग ऱ्हाऊ द्या. पुढचं घ्या." त्यांची बायको चुलीपुढनं म्हणायची, "ह्यांला ओल्या गवताचा वास आला की जेवान जात न्हाई बगा." मी समजून गेले की फार मोठे खेळाडू असणार आणि जुन्या आठवणींनी त्रास होत असणार. माझी अक्कल तेवढीच.

मग तो साहेब आला. दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. पुण्याच्या कुठल्याशा बांधकाम कंपनीचा माणूस, गॉगल डोक्यावर चढवलेला, काखेत गुंडाळलेला रंगीत नकाशा. त्यांना माळ हवा होता. तिथं बंगले होणार, मोठी कमान होणार, आणि मधोमध अठरा होलचा गोल्फ कोर्स. त्यासाठी ग्रामसभेची ना हरकत पाहिजे. गावातल्या तीस-चाळीस जणांना नोकऱ्या मिळतील, असंही तो म्हणाला.

गावानं पहिल्यांदा सेक्रेटरींचं अभिनंदनच केलं. लोकांना वाटलं, ह्यांनी कळवलं असणार म्हणूनच पुणेवाले आले. सेक्रेटरी मात्र रजिस्टर काखेला मारून माझ्याकडं आले आणि खुर्चीत बसलेच नाहीत.

"बाई, माळ गेला तर क्लब कुटं न्यायचा?"

"तेही गोल्फच करणार आहेत ना?"

"त्यांचा गोल्फ येगळा हाय."

"वेगळा म्हणजे?"

त्यांनी रजिस्टर दुसऱ्या काखेत घेतलं. मी सांगितलं, की ठराव ग्रामसभेत येईल, लोकांनी हात वर केले तर माळ जाईल, नाही केले तर राहील. मी फक्त इतिवृत्त लिहिणार. मला मत नाही. ते खाली बघत म्हणाले, "म्हंजी तुमी आता दुसऱ्या वहीत लिवनार." मला फार वाईट वाटलं. तसं दाखवलं नाही, पण वाटलं.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. कधी नव्हे ती गर्दी. चाचा जुन्नरहून आले होते आणि कडेला भिंतीला टेकून बसले होते. सोनाबाई शेळ्या बाहेर बांधून आली होती. साहेबानं नकाशा फळ्यावर टाचला आणि छान बोलला. मला तर वाटलं, झालं, आता हात वर होणार.

तेवढ्यात चाचा उठले. "भाऊ, मला हितं मत न्हाई, पर तोंड हाय. एक इचारू का?"

"विचारा ना."

"ह्ये जे तुमचे अठरा होल, त्यात झाडं कुठली लावनार?"

साहेब हसला. "होलमध्ये झाड कसं असेल काका? झाडं बाजूला."

लोकांत कुजबुज झाली. एकानं विचारलं, "मंग बॉल झाडाला लागला तर?"

"तर नुकसान. फटका वाया."

"वाया?" मागनं कुणीतरी जोरात म्हणालं. "आवं, झाडाला लागला म्हंजी होल झाला की!"

आता सगळेच विचारायला लागले. बॉल उसात गेला तर कुणाचा? साहेब म्हणाला, तिथं ऊस नसेल. मग बिबट्या कुठं जाईल? ते त्याला माहीत नव्हतं. कॉलर लागते का? हो, ड्रेस कोड असेल. क्लबात कॉलरी किती ठेवणार? साहेबाला प्रश्नच कळेना. तो म्हणाला, ज्याची त्याची कॉलर. यावर पुढं बसलेल्या दोन म्हाताऱ्या मेंबरांनी एकमेकांकडं पाहिलं आणि मान हलवली. शेवटी सरपंचांच्या कानाशी लागून एक जण म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "ह्याला गोल्फ येत न्हाई राव. कुनीतरी फसवतंय आपल्याला."

साहेब लाल झाला. म्हणाला, गोल्फ कसा असतो हे जगाला माहीत आहे, तुमच्याकडं चालतंय त्याला गोल्फ म्हणत नाहीत. पटांगणात एकच गलका झाला. सरपंचांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"आपल्याकडं जानकार मानूस हाय. शेक्रेटरी, तुमी एकतीस वर्षं पुण्यात काडली. तुमी सांगा, खरा गोल्फ कुनाचा? ह्यांचा का आपला? तुमी म्हनाल त्यावर गाव हात वर करंल."

मी पेन उचलून बसले होते. त्यांना फक्त 'आपला' एवढा एक शब्द म्हणायचा होता. माळ राहिला असता, क्लब राहिला असता. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा हो, खोटं बोला एकदाचे, कुणाचं काय जातंय.

ते उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं.

"खरा ह्यांचा," ते म्हणाले. "ह्ये सायब सांगत्यात त्ये बरोबर हाय. झाडाला लागला तर काय मिळत न्हाई. माप येवडं येवडं अस्तं होलचं, वाटीयेवडं. कॉलर ज्येची त्येला. मी रोज बगितलंय."

पटांगण एकदम शांत झालं. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. मग ते साहेबाकडं वळले. "सायब, माज्या एका गोष्टीचं उत्तर द्या. तितं गवत कापनारी मानसं ठिवनार, त्यांला बॉल मारू देनार का?"

साहेबाला वाटलं, आता सगळं ठीक झालं. तो मोकळेपणानं म्हणाला, "काका, स्टाफ तो स्टाफ. खेळणार मेंबर. पण तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला आम्ही हेड करू ना."

"मला म्हाईत व्हतं," सेक्रेटरी म्हणाले. मग गावाकडं वळले. "मी तितं शेक्रेटरी नव्हतो. मेंबर बी नव्हतो. मी गवत कापायचो. एकतीस वर्षं कापलं. येक दिवस बी कुनी मला स्टिक हातात दिली न्हाई. म्या तुमाला खोटं सांगितलं... म्हंजी सांगितलं न्हाई, पर तुमी म्हनत गेला आन मी म्हनू दिलं."

माझं पेन थांबलं. सहा वर्षं दर रविवारी ज्यांच्या शेजारी बसून मी लिहिलं, त्यांच्याबद्दल मला हे ठाऊक नव्हतं. आता हा माणूस गावात तोंड कसं दाखवणार, एवढंच डोक्यात आलं.

सोनाबाई बसल्या जागेवरनं म्हणाली, "आवं, त्ये तर समद्यांला म्हाईत हाय. पुडचं बोला."

सेक्रेटरींनी तिच्याकडं पाहिलं. "समद्यांला?"

"माजा दीर त्याच क्लबाच्या भिंतीच्या कामाला व्हता न्हवं का. तुमाला रोज बगायचा, उनात गवत कापताना. त्यानंच येऊन सांगितलं, तुमी गावाला यायच्या आदीच."

"मंग बोलला न्हाई कुनी?"

"काय बोलायचं त्यात?" सोनाबाई म्हणाली. ती खरंच बुचकळ्यात पडली होती. "तुमाला शेक्रेटरी व्हायचं व्हतं, आमी म्हनलो."

सरपंच खाली बघून मिशीवर हात फिरवत होते. म्हाताऱ्या मेंबरांपैकी एक जण डोळे पुसत होता, आणि मीही. ग्रामसेविकेनं सभेत डोळे पुसू नयेत, पण पुसले. सोनाबाई साहेबाकडं वळून म्हणाली, "आन सायेब, मी गवत बी कापते आन बॉल बी मारते. तुमच्या गोल्फात मला दोनातलं येकच करता येनार. मंग माळ कशाला देऊ तुमाला?"

सरपंचांनी ठराव मताला टाकला. ना हरकत द्यावी या बाजूनं एकही हात वर झाला नाही. ज्यांची पोरं नोकरीच्या आशेनं बसली होती त्यांचेसुद्धा नाहीत. साहेबानं नकाशा उतरवला, पण टाचण्या फळ्यावरच राहिल्या. जाताना त्यानं मला विचारलं, ठराव नामंजूर करण्याचं कारण काय लिहिणार? मी सरपंचांकडं पाहिलं. सरपंच म्हणाले, "लिवा, गावात गोल्फ चालू हाय." मी तसंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी इतिवृत्ताची नक्कल मागायला आले. खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं. एका जागी बोट थांबलं. तिथं मी लिहिलं होतं : 'गोल्फ क्लबचे सेक्रेटरी यांनी सभेस माहिती दिली.'

"ह्ये बदला," ते म्हणाले. "शेक्रेटरीच्या फुडं लिवा, 'एकतीस वर्षं गवत कापलेले.'"

मी म्हटलं, "इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही. आणि कशाला? तसं लिहायची काही गरज नाही."

त्यांनी चष्मा काढला. "समद्या गावाला म्हाईत हाय म्हनं, बाई. मंग कागदालाच का नको?"

मी मूळ इतिवृत्त काढलं, ओळीच्या वर बारीक अक्षरात तेवढे शब्द घातले, समासात सही केली, तारीख टाकली आणि शिक्का मारला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी अधिकृत कागदावर केलेली ती एकमेव खाडाखोड. पुढं तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, दुरुस्ती आहे. आधी चुकीचं लिहिलं होतं.